टोपलीवरचं फडकं

२१ सप्टेंबर १९७४, शनिवार

ही वही संस्थेच्या भांडारातून प्रयोगाच्या नोंदींसाठी म्हणून आणली होती. पण आज जे ठरलं ते प्रयोगाच्या वहीत लिहिता येणार नाही, कुणाला सांगताही येणार नाही, आणि मला तर कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. म्हणून इथे लिहितो.

आज बाईंबरोबर साझावा नदीकाठच्या जंगलात गेलो होतो. बाई म्हणजे डॉ. लिबुशे ह्लावसोवा, माझ्या गुरू. बोरॉनच्या रसायनशास्त्रात त्यांच्या तोडीचं माणूस प्रागमध्ये नाही, हे त्यांच्या वाइटावर असलेलेही कबूल करतात. चार वर्षांपूर्वी पक्षाच्या चौकशी मंडळाने आम्हा सगळ्यांना एकेक करून बोलावून एकच प्रश्न विचारला: अडुसष्टमध्ये रशियाच्या फौजा आल्या ती मदत होती की नव्हती? बाई म्हणाल्या, "मदतीला येणारा दार वाजवून येतो." झालं. संस्थेत सभा भरली, त्यांना काढण्याच्या ठरावावर सगळ्यांनीच हात वर केला. तेव्हापासून त्या शहराच्या धुलाईकेंद्रात चादरी धुतात. तक्रार नाही. म्हणतात, "धुण्याच्या पावडरीतसुद्धा बोरॉन असतंच रे ओटा. मी त्याला सोडलं नाही, त्यानेही मला सोडलं नाही."

अळंब्यांच्या बाबतीत मात्र बाई भारी कडक. त्यांची जागा तीस वर्षं फक्त त्यांनाच ठाऊक आहे. नवऱ्यालाही सांगितली नव्हती, तो बिचारा न बघताच गेला. आज मला दाखवली. ओढा ओलांडायचा, तीन बर्चची झाडं आली की डावीकडे उतरायचं, मग शेवाळात गुडघे टेकून बघायचं. तपकिरी टोप्या नुसत्या रांगेने बसल्यासारख्या. देठ चाकूने कापायचा, उपटायचा नाही, आणि कापलेल्या जागेवर शेवाळ ओढून घ्यायचं. परका माणूस दिसला की टोपलीवर फडकं टाकायचं आणि जिथे काही उगवत नाही अशा दिशेला चालू लागायचं. तो विचारणारच, "काय, उगवलीत का?" उत्तर ठरलेलं, "कुठली हो, यंदा जंगल कोरडं."

मी म्हटलं, "बाई, हे खोटं बोलणं झालं."

"खोटं कसलं? ती रीत आहे. परक्यालाही माहीत असतं आणि मलाही. खोटं ते, जे आपल्या माणसाशी बोलतात."

मग अळंब्यांच्या खालून त्यांनी चौदा पानं काढली. चादरींच्या पावत्यांच्या पाठीमागे, बारीक अक्षरात. चार वर्षं प्रयोगशाळा नाही, काच नाही, साधी नळी नाही, तरी या बाईने जुन्या आकड्यांवरून बसल्या जागी काढलंय, की बोरॉनच्या अणूंच्या पिंजऱ्यात एका कोपऱ्यावर गंधक बसवलं तर पिंजरा कुठून उघडेल. समोरून नाही. शेजारून.

"तू करून बघ आणि तुझ्या नावाने छाप," बाई म्हणाल्या. "माझ्या नावाने ते मेल्याची बातमीसुद्धा छापणार नाहीत."

आमच्याकडे अशा माणसाला छप्परवाला म्हणतात. वर नाव त्याचं, आत राहणारा दुसराच. भाषांतरं करणाऱ्यांमध्ये असे पुष्कळ आहेत. रसायनशास्त्रात कदाचित मी पहिलाच. पकडला गेलो तर मीही चादरी धुवेन. हो म्हणालो. आयुष्यात एवढं चांगलं काम मी आजवर केलेलं नाही.

२३ सप्टेंबर

क्वेताला सांगावंच लागलं, कारण टाइपरायटर तिचा. माझी बायको शाळेत रसायनशास्त्रच शिकवते, तिलाही बाईंनीच शिकवलंय. तिने चौदा पानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून वाचली, सूप करपलं तरी उठली नाही.

"नीट सांभाळशील ना रे?" एवढंच म्हणाली.

"मला काय लहान मूल समजतेस?"

"लहान मूल असतास तर काळजी नसती."

तिची ही सवय आहे, चांगल्या कामाला गालबोट लावायची.

५ ऑक्टोबर, शनिवार

आज चिठ्ठी झाली. बाई म्हणाल्या, "नाव तुझं जाऊ दे, पण एक कागद करून ठेवू. दिवस बदलले तर कुणाला दाखवता येईल." मला जरा लागलंच. म्हटलं, "माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

"विश्वास आहे म्हणून तर कागद तुझ्याकडे ठेवायचाय. माझ्या घराची वर्षातून दोनदा झडती होते. आणि मी मेले तर माझ्याकडचा कागद कोण बघणार?"

माझ्या पेनातली शाई नेमकी संपलेली. बाईंनी आपली पेन्सिल दिली, धुलाईकेंद्रात चादरींवर खुणा करायची. एका खुंटावर कागद ठेवून लिहिलं, की हे काम डॉ. ह्लावसोवा यांचं आहे, माझं फक्त नाव आहे, वगैरे. सही केली. तेवढ्यात भुरभुर सुरू झाली, थेंब पडले तिथली अक्षरं जांभळी झाली. मी फुंकर घालायला लागलो तर बाई हसायला लागल्या. "असू दे रे. ही पेन्सिल ओली झाली की पक्की होते. आता मी धुवायला बसले तरी निघायची नाही."

चिठ्ठी ख्रिसमसच्या झाडाच्या खेळण्यांच्या डब्यात ठेवलीय, काचेच्या गोळ्यांखाली. तिथे कुणी बघत नाही.

१४ नोव्हेंबर

जमलं! सहा आठवडे काचेच्या नळ्या जोडतोय, हवा काढतोय, एक फट राहिली की सगळं वाया. दोन बोटं भाजली. आज थोडा वायू नळीच्या तोंडाशी निसटला आणि पेटला, हिरवा. पिंजरा शेजारूनच उघडला होता.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज बाईंना सांगितलं. त्यांनी आकडे नंतर विचारले, आधी विचारलं, "ज्योत कशी होती?"

"हिरवी."

त्या दुसरीकडे बघायला लागल्या. "चार वर्षं झाली मला ती हिरवी बघून," म्हणाल्या. डोळे भरले होते. मग माझ्या बोटांना लावायला हंसाच्या चरबीची डबी दिली. घरून आणली होती, म्हणजे क्वेताने आधीच कळवलेलं दिसतंय. कौतुकाचा मात्र एक शब्द नाही. पानावर लिहिणं वेगळं आणि काचेपुढे उभं राहणं वेगळं, हे बाईंना माहीत असायला हवं.

२० नोव्हेंबर

क्वेताने स्वच्छ प्रत काढली. शेवटी बाईंनी एक ओळ घातली होती, "लि. यांच्या सूचनांबद्दल आभार." मी ती खोडली. लि. कोण, असं कुणी विचारलं तर? बाईंच्याच भल्यासाठी खोडली. क्वेताने ते पान पुन्हा टाइप केलं, पण कळा अशा बडवत होती की खालच्या मजल्यावरून झाडूच्या दांड्याने ठोकलं.

३ मार्च १९७५

अंक आला. ओ. नेचास, प्राग. एकच नाव.

मी तो टेबलावर ठेवला, मग कपाटात, मग परत टेबलावर. छापलेलं नाव वेगळंच दिसतं. संचालक कॉम्रेड ह्रुबेश स्वतः आमच्या मजल्यावर आले. हा गृहस्थ पाच वर्षांत माझ्याशी कॅन्टीनच्या रांगेशिवाय बोललेला नाही. "कॉम्रेड नेचास, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात!" सगळे टाळ्या वाजवत होते. मी काही खोटं बोललो नाही. नुसता हसलो.

१९ एप्रिल, शनिवार

आज बाईंशी खटका उडाला. दुसऱ्या भागाबद्दल बोलत होतो. शेजारचाच कोपरा का उघडतो, समोरचा का नाही, याचं कारण त्या भागात येणार. मी म्हटलं, माझ्या मते उष्णतेमुळे. बाई म्हणाल्या, "नाही. तू पिंजरा बाहेरून बघतोयस. आत बसून बघ."

हे काय बोलणं झालं? हा प्रयोग केलाय कुणी? सहा आठवडे कोण उभं होतं? मी काही बाईंचा नुसता हात नाही. मलाही डोकं आहे, आणि आता ते छापूनही आलंय.

परतीच्या गाडीत बाई आपल्या डब्यातले कोलाचे, खसखस भरलेले गोड पाव, मला देत होत्या. मी भूक नाही म्हटलं. भूक होती.

९ जुलै

सप्टेंबरात लाइपझिगला परिषद आहे. ह्रुबेश मला पाठवणार, आणि परत आल्यावर बहुतेक विभाग माझ्याकडे. त्यासाठी सहा पानी अर्ज. चौथ्या पानावर प्रश्न: संस्थेतून काढलेल्या व्यक्तींशी आपला संबंध आहे काय? सगळे 'नाही' लिहितात. मीही लिहिलं. तो प्रश्न म्हणजे नुसता उपचार.

घरी आलो तर खेळण्यांचा डबा डोक्यातून जाईना. एका कागदावर मी लिहिलंय संबंध नाही, दुसऱ्यावर लिहिलंय सगळं बाईंचंच. दोन कागद असे एकमेकांशी भांडायला लागले की त्यातला एक ठेवावा. क्वेता बाजारात गेली होती. चिठ्ठीचा कागद चुलीत टाकला. साध्या कागदासारखा पिवळा जळला. बाईंना मी शब्द दिलाय तो आहेच, आणि शब्द काही जळत नाही.

आता हलकं वाटतंय.

३० ऑगस्ट, शनिवार

बाई आज आल्या नाहीत, धुलाईकेंद्रात शनिवारची पाळी. मी एकटाच जाऊन टोपली भरून आणली. काल सगळ्यांसमोर ह्रुबेश म्हणाले होते, "नेचास, तुमच्या बायकोने गेल्या ख्रिसमसला पाठवलेल्या त्या सुकवलेल्या अळंब्या कुठल्या हो? माझ्या सासूने तर नाव काढलंय. परवा रविवार, मला घेऊन चला."

आता नाही कसं म्हणणार? लाइपझिगच्या कागदावर यांची सही व्हायचीय. दुसरं एखादं जंगल दाखवता आलं असतं, पण तिथे काही मिळालं नसतं तर?

३१ ऑगस्ट

गेलो. ह्रुबेश, त्यांचा मेहुणा आणि मी. मोटारीने. ह्रुबेशना वाकवत नाही, ते काठीने शेवाळ उकरत होते आणि मेहुणा मुळासकट उपटत होता. मी दोनदा म्हटलं, "चाकू आहे माझ्याकडे." मेहुणा म्हणाला, "ऑपरेशन करायचंय का?" दोघे खूप हसले, मीही हसलो. मोटारीचा मागचा भाग भरला. छोट्या छोट्यासुद्धा सोडल्या नाहीत.

जाताना ह्रुबेशनी पाठीवर थाप मारली. सही झालीच म्हणायची. अळंब्याच आहेत शेवटी, परत उगवतील.

६ सप्टेंबर, शनिवार

बाईंचं काही खरं नाही. तीन बर्चपाशी आल्या आणि थांबल्या. टोपली खाली ठेवली. शेवाळ नांगरल्यासारखं झालं होतं. त्या खाली बसून एकेक खड्ड्यावर शेवाळ सारखं करायला लागल्या, दोन्ही हातांनी, कितीतरी वेळ. मी म्हटलं, "रानडुकरं आली असतील."

"रानडुकरं सिगारेट पीत नाहीत," बाई म्हणाल्या आणि थोटूक उचलून दाखवलं. मग माझ्याकडे बघून शांतपणे विचारलं, "ओटा, तू कुणाला आणलं होतंस का?"

"मी? मी कशाला आणीन?"

"बरं."

एवढंच. मला वाटलं विषय संपला. गाडीची वाट बघताना स्टेशनवर मात्र म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी ती चिठ्ठी आणशील? एकदा बघायचीय."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी यांच्यासाठी वर्षभर मान सुळावर ठेवतोय आणि चार अळंब्यांवरून यांचा माझ्यावरचा विश्वास उडाला! मी अर्थात हो म्हटलं.

११ सप्टेंबर

चिठ्ठी पुन्हा लिहिली. शब्द पाठ होते. तारीख तीच घातली, सहीही तशीच आली. कागद चहाच्या पाण्याने थोडा पिवळा केला, इस्त्रीने वाळवला. यात फसवण्यासारखं काही नाही. जे खरं आहे तेच लिहिलंय, आणि माझ्याच हाताने. पहिली चिठ्ठी तरी वेगळी काय होती? उलट ही चांगल्या निळ्या शाईने, सुवाच्य.

१३ सप्टेंबर, शनिवार

सुटलो. बाईंनी चिठ्ठी उजेडात धरून नीट पाहिली, एकदा बोट ओलं करून एका अक्षरावरून फिरवलं. शाई थोडी फिसकटली. मग घडी घालून परत दिली.

"छान अक्षर आलंय," म्हणाल्या.

म्हणजे समाधान झालं. उगीच आठवडाभर झोप घालवली. आज त्यांनी अळंब्या काही शोधल्या नाहीत, थकल्या असाव्यात. दुसऱ्या भागाची पानं आणली होती का, विचारलं, तर म्हणाल्या, अजून व्हायचंय. गाडीत डोळे मिटून बसल्या होत्या. उतरताना मी "येतो, बाई" म्हटलं, तर त्यांनी माझी कॉलर सारखी केली. विद्यार्थी असताना तोंडी परीक्षेला जाण्याआधी करायच्या तशी. मला फार बरं वाटलं.

२० सप्टेंबर, शनिवार

बाई आल्या नाहीत. दोन गाड्या बघितल्या. परवा लाइपझिगला निघायचं आणि दुसरा भाग हातात नाही.

क्वेता दिवसभर बहिणीकडे होती. येताना पिशवीभर अळंब्या घेऊन आली, बहिणीने दिल्या म्हणे. चांगल्या होत्या, देठ चाकूने नीट कापलेले. मी म्हटलं, "तुझ्या बहिणीच्या नवऱ्याला बरी अक्कल आली." अंड्यात परतून मला एकट्याला वाढल्या, स्वतः पाव खाल्ला.

२९ सप्टेंबर

परत आलो. भाषण छान झालं, टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतून एक म्हातारा जर्मन उठला, काठी टेकत, आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "फार सुंदर काम. पण शेजारचाच कोपरा का? समोरचा का नाही?"

मी म्हटलं, "त्याचं उत्तर पुढच्या लेखात." लोक हसले. म्हातारा हसला नाही. जेवणाच्या वेळी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "हे लिहिणारा माणूस ते उत्तर कधीच शोधून बसलाय. वाचताना समजतं." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. पिंजऱ्यात बसून बघ, म्हणे. बाईंनी मला पाणी न देता पोहायला पाठवलं.

आल्या आल्या ह्रुबेशनी विचारलं, "दुसरा भाग कधी? वरून विचारणा आहे." विभागाची गोष्ट त्यांनी काढली नाही, मीही नाही.

२ ऑक्टोबर

धुलाईकेंद्रात गेलो. पहिल्यांदाच. आत वाफेने चष्मा धुरकटला. सगळ्या बायका, बाह्या वर केलेल्या. एक जाडी ओरडली, "लिबुश्का, हा कोण गं, ओल्या चादरीसारखा लोंबतोय? पिळायला घेऊ का?"

बाई हात पुसत आल्या. हात कोपरापर्यंत लाल. मी हळू आवाजात सगळं सांगितलं, जर्मन म्हातारा, ह्रुबेश. म्हटलं, "फक्त एवढंच सांगा, शेजारचा कोपरा का?"

"डॉक्टरसाहेब," बाई म्हणाल्या, "मी चादरी धुते. रसायनशास्त्राच्या कामाला मी लायक नाही, असं तुमच्या सभेने लिहून दिलंय. खाली अठ्ठावीस सह्या आहेत. तुमची एकविसावी."

आवाज चढवला नाही. मी म्हटलं, "बाई, ते सगळ्यांनीच..."

"हो. म्हणून मी त्याबद्दल तुम्हाला कधी काही बोलले का?"

आणि खरंच, कधीच बोलल्या नव्हत्या. मग त्या परत हौदाकडे गेल्या. एक वर्ष मी या बाईसाठी जीव धोक्यात घातला, आणि धोबिणींसमोर माझा असा पाणउतारा!

५ ऑक्टोबर, रविवार

हे कसं लिहू?

दुपारी क्वेता खाली कोळसा आणायला गेली. टाइपरायटरपाशी कार्बनचा कागद पडला होता, नवा, एकदाच वापरलेला. असा कागद उजेडात धरला की सगळं वाचता येतं. मी धरला. पान पंधरावं. "पिंजऱ्याच्या आतून पाहता..." सगळं उत्तर तिथे होतं. इतकं सोपं, की मला रडू आलं. आणि वर नाव? माझं नाही. ब्रनोमधल्या कुणा प्राध्यापिकेचं, आणि खाली आभार, "लि. यांच्या सूचनांबद्दल."

क्वेता बादली घेऊन दारात उभी होती.

"केसाने गळा कापलास माझा," मी म्हटलं. "माझ्याच घरात बसून!"

"बादली धर आधी, जड आहे."

मी धरली. ती म्हणाली, "बहिणीकडे मी उन्हाळ्यापासून गेलेच नाही. खेळण्यांचा डबा मी जुलैतच उघडला होता, गोळी फुटली होती ती काढायला. मी वाट बघत होते, तू सांगशील म्हणून. नवरा आहे, सांगेल, म्हणत होते."

"मग बाईंना जाऊन सांगितलंस!"

"नाही. त्यांना मी काही सांगितलं नाही. त्यांनी मला सांगितलं. तुझी ती चहात बुडवलेली चिठ्ठी बघून त्या सरळ शाळेत आल्या माझ्या. म्हणाल्या, क्वेता, माझ्या लक्षात ठेवण्यात चूक तर होत नाही ना? एवढं बघून आल्या तरी त्या स्वतःच्याच आठवणीला दोष द्यायला तयार होत्या रे." तिने चुलीचं दार उघडलं. "छप्पर म्हणून गेलास आणि घरमालक होऊन बसलास. पहिल्या लेखाची, ती आभाराची ओळ असलेली प्रत माझ्याकडे आहे. कुठे आहे ते विचारू नकोस. तुला सांगणार नाही."

मी खूप बोललो. माझा त्रास, माझी बोटं, माझा धोका. ती कोळसा घालत होती.

संध्याकाळी ही वही उघडून गेल्या वर्षीचं आजच्याच तारखेचं पान काढलं. बाईंना कशावरून कळलं ते मला समजेना. तिथे माझ्याच अक्षरात आहे: थेंब पडले तिथली अक्षरं जांभळी झाली. आता मी धुवायला बसले तरी निघायची नाही.

बोट ओलं करून का फिरवलं ते आता कळलं. शाई फिसकटली तेव्हा बाईंच्या चेहऱ्यावर काय होतं ते आठवून बघतोय, आठवत नाही. मी त्या वेळी सुटलो म्हणून खूश होतो.

८ ऑक्टोबर

ही वही जाळावी का? चूल पेटलेली आहे. सगळं खरं फक्त इथेच आहे, माझ्याच हाताने, पहिल्या दिवसापासून. दोनदा उठलो. मग टेबलाच्या खणात ठेवली. क्वेताने बघितलं, पण काय लिहितोस हे विचारलं नाही. आता ती काहीच विचारत नाही.

सगळ्यांनी मिळून मला एकटं पाडलंय. बाई, बायको, आणि ज्याच्यासाठी एवढं केलं तो ह्रुबेशसुद्धा आज कॅन्टीनमध्ये पाठ करून बसला.

११ ऑक्टोबर, शनिवार

नेहमीच्या गाडीने गेलो. का गेलो माहीत नाही. बाईंना सांगावं म्हणून, की ह्रुबेशना मीच आणलं होतं. तेवढं एक तरी. गाडीत वाक्य तयार करत होतो.

तीन बर्चपाशी कुणी नव्हतं. खड्डे शेवाळाने झाकलेले होते, उगवलेलं काही नव्हतं. मी ओढ्याच्या काठाने वर चढत गेलो, तिथे मी कधी गेलो नव्हतो. आणि फरच्या झाडांपलीकडे दोघी दिसल्या. बाई गुडघ्यांवर बसल्या होत्या, क्वेता शेजारी वाकून बघत होती, बाई बोटाने काहीतरी दाखवत होत्या आणि माझी बायको हसत होती. मी तिला असं हसताना कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. मधे टोपली होती, तपकिरी टोप्यांनी काठोकाठ. खालून कागदाची एक कड दिसत होती.

माझ्या पायाखाली काटकी मोडली. दोघींनी वर पाहिलं.

मी तयार केलेलं वाक्य कुठे गेलं कुणास ठाऊक. तोंडातून निघालं ते जंगलात कुणी भेटलं की सगळेच म्हणतात तेवढंच: "काय, उगवलीत का?"

क्वेताने मान खाली घातली. बाईंनी एप्रनमध्ये खोचलेलं फडकं काढलं, टोपलीवर टाकलं, चारी बाजूंनी नीट सारखं केलं. उठल्या. माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, वाटेत भेटलेल्या कुणाही माणसाकडे बघतात तसं.

"कुठली हो," म्हणाल्या. "यंदा जंगल कोरडं."

मग क्वेताचा हात धरला आणि दोघी रेल्वेच्या रुळांच्या बाजूला चालू लागल्या, तिकडे कधी काही उगवत नाही. मी तिथेच उभा राहिलो. तीन दिवस सारखा पाऊस पडला होता, माझे बूट आतपर्यंत भिजले होते.